खोक्यावरचा परवा

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
शुक्रवार, ४ नोव्हेंबर २०११

प्रिय आशा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच मायक्रोवेव्हवरच्या त्या टोपलीत टाकशील, जिथे तू बँकेची पत्रं आणि पिझ्झाची कुपनं एकत्र टाकतेस, ही शक्यता धरूनच लिहायला बसले आहे. टाकलंस तरी हरकत नाही. टोपली भरली की तू महिन्याच्या शेवटी सगळं उपसतेस, तेव्हा हाताला लागेल. ई-मेल मुद्दाम केली नाही. ई-मेलमध्ये मी तुला एकदा दोन ओळींत तोडून टाकलंय, पुन्हा त्याच दारातून आत यायला पाय उचलत नाही.

आपल्या अबोल्याला दोन वर्षं नऊ महिने झाले. त्यातली अडीच वर्षं मी अशा समजात काढली की रुसलेली मी आहे, आणि चूक तुझी आहे. तसं नव्हतं, हे मला सप्टेंबरात कळलं. तुला तर हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे, फक्त मी अशी का वागले ते माहीत नाही. ते सांगायचंय. मला तुझी माफी हवी आहे, आशा, आणि ती मागायची कशी हे मला येत नाही, कारण आजवर मी कुणाकडे मागितलेली नाही. सुजीतला विचार हवं तर, नवऱ्याकडेही नाही.

आधी इकडची खबर देते, तेवढाच धीर येतो. आज इथे एकतीस आहे, म्हणजे आपल्या भाषेत अठ्ठ्याऐंशी. हो, मी अजून फॅरनहाइटमध्येच जगते. ऑगस्टमध्ये पारा सत्तेचाळीसवर गेला की सगळे हाय हाय करतात, आणि मला मात्र मनात गुणाकार-भागाकार केल्याशिवाय उकडत नाही. तू नागपूरची, तुला इथला उन्हाळा किरकोळ वाटेल. नागपूरला समुद्र जोडला की दुबई, असं मी इथल्या बायकांना सांगते. समुद्र आहे, गाडीने पंधरा मिनिटांवर, दुबई मरीनाच्या पलीकडे. पहिल्या ऑगस्टमध्ये मोठ्या हौसेने गेले, पाण्यात पाय घातला, तर आंघोळीला काढलेलं पाणी! त्या दिवशी मला आपला अमेरिकेतला, मिलवॉकीचा लेक आठवला. जून महिन्यातही पावलं बधिर करणारा, पलीकडचा काठ न दिसणारा, आणि तरी ज्याला आपण सहा वर्षं "तळं" म्हणत आलो तो.

आम्ही राहतो तो भाग बरा आहे. झाडं आहेत, बुटक्या इमारती आहेत, आमच्या रांगेचं नाव मोगल आहे आणि मागच्या रांगेचं झेन. नावं ऐकून हसू नकोस. सुजीत ज्या टॉवरसाठी इथे आला तो आम्ही आल्यावर दोन महिन्यांत चौदाव्या मजल्यावर थांबला. क्रेन तशीच वर उभी होती, वर्षभर. मिलवॉकीत नोकरी गेली म्हणून इथे आलो, तर इथली मंदी आमच्या आधी येऊन बसलेली. सुजीतचा पगार कापला, पण नोकरी राहिली. आमच्या मजल्यावरची चार घरं मात्र एकेक करून रिकामी झाली. सगळी आपलीच माणसं, दोन पुण्याची, एक ठाण्याची, एक बडोद्याची. जाताना प्रत्येकीने तिची तुळस माझ्याकडे आणून ठेवली. विमानात नेता येत नाही आणि फेकून देववत नाही. आता माझ्या बाल्कनीत माझी धरून पाच तुळशी आहेत. रोज संध्याकाळी पाच घरांच्या तुळशींना पाणी घालते, आणि त्या पाचही घरांत राहिलेली मी एकटीच. सुजीत आठला येतो, इरा तिच्या कॉम्प्युटरमध्ये. दुपारी कधी कधी लक्षात येतं की सकाळपासून आपण फक्त "यल्ला, चल इरा, बस आली" एवढंच बोललोय. दार वाजलं तर तो पाण्याच्या बाटल्या आणणारा माणूस असतो. मुद्दाम कुणी असंच आलेलं मला तरी आठवत नाही.

"असंच" म्हटल्यावर तू आठवतेसच. आपली ओळख कशी झाली, आठवतंय? त्या लाल विटांच्या इमारतीचं तळघर, धुलाईची यंत्रं, आणि मी कडेवरच्या इराला रागे भरत होते, "गप बस गं भवाने" म्हणून. तू तुझ्या कपड्यांच्या टोपलीमागून डोकं वर काढलंस आणि माझं नावगाव काहीही न विचारता म्हणालीस, "तुझ्याकडे दोन क्वार्टर आहेत का गं? असंच विचारलं." यंत्रात तुझे कपडे साबणाच्या पाण्यात थांबलेले, खिशात नाणं नाही, आणि तू म्हणे असंच विचारलंस! नंतर कळलं की तुझी मागायची रीतच ती. मीठ संपलं, तुझी गाडी बर्फात रुतली, ताप चढला, काहीही असो. तू समोरच्याच्या हाताशी वस्तू आहे का एवढं चौकशी केल्यासारखं विचारणार आणि मग "असंच" म्हणून विषय गुंडाळणार. एकटीने राहून, एकटीने शिकून, त्या दातांच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घासून तू स्वतःला अशी सवय लावून घेतली होतीस की कुणाला नाही म्हणायची वेळच येऊ नये. ही रीत मला पाठ होती. सुजीतला मी शिकवली होती. आशा "असंच" म्हणाली की चप्पल घालून निघायचं, एवढं त्यालाही कळायचं.

आणि मला मागावंही लागायचं नाही. इरा पाच वर्षांची असताना बर्फावर घसरून तिचा हात मोडला, सुजीत शिकागोला होता, मी नुसती किंचाळले. तू वरच्या मजल्यावरून ओल्या केसांचा बुचडा बांधत खाली आलीस, तिला मागच्या सीटवर झोपवलंस आणि सबंध रस्ता मोठ्याने बाराखडी म्हणत राहिलीस, तिचं लक्ष हातावरून उडावं म्हणून. क का कि की. दवाखाना येईस्तो आपण क्षपर्यंत पोचलो होतो. इराला मराठी अक्षरांची गोडी त्या दिवशी लागली, हे मी इथल्या शुक्रवारच्या मराठी वर्गातल्या बाईंनाही सांगितलंय. फक्त तुझं नाव सांगताना आवाज कोरडा ठेवला.

आता त्या जानेवारीकडे येते. सुजीतची नोकरी गेली ती आदल्या नोव्हेंबरात, आणि नोकरीबरोबर देशात राहायचा हक्कही गेला. आपल्या मराठी मंडळातली निम्मी घरं तेव्हा खोकी बांधत होती. डिसेंबरात तू मला एकदा जिन्यात म्हणालीस, "छातीत एक गाठ लागतेय हाताला. बघू, तपासण्या चालू आहेत." मी तुझा हात धरला, "काही नसेल गं" म्हणाले, आणि वर जाऊन सोफा विकत घ्यायला आलेल्या माणसाशी हुज्जत घातली. तपासण्यांचं पुढे काय झालं हे मी तुला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तू "अजून नाही काही" म्हणालीस. तिसऱ्यांदा विचारलं नाही. हे मी स्वतःला माफ करणार नाही, तुझं तू ठरव.

सामान बांधायचा दिवस बुधवार होता. मी इराच्या शाळेतून दाखला आणायला आणि वाचनालयाची पुस्तकं परत करायला गेले होते. परत आले तर सुजीत चिकटपट्टीच्या ढिगात बसलेला. त्याची सवय तुला माहीत आहे, निरोप आला की हाताशी असेल त्यावर खरडायचं. एकदा त्याने गॅसवाल्याचा नंबर पोळीच्या कागदावर लिहिला होता. तो म्हणाला, "आशाचा फोन होता, त्या खोक्यावर लिहिलंय बघ," आणि गाडी विकायला निघून गेला. हिवाळी कपड्यांच्या खोक्याच्या झाकणावर जाड काळ्या पेनाने "कोट तीन, बूट, टोप्या" लिहिलं होतं आणि खाली तिरकं, "आशाचा फोन. परवा ऑपरेशन."

मी वाचलं, आणि माझ्या डोक्यात तिडीक उठली. परवा! म्हणजे सोमवारी ऑपरेशन झालं, आणि मला आज कळतंय! एका जिन्याचं अंतर, जिच्या पोरीला ही बाराखडी म्हणत दवाखान्यात नेते तिला ही आपल्या ऑपरेशनचं सांगत नाही, उरकून घेते आणि मग तिसऱ्या दिवशी फोन करते, तोही मी घरात नसताना. मी निघालेच आहे ना, मग मला कशाला सांगायचं, असंच तुला वाटलं असणार, असं मीच ठरवलं. परकी झाले मी, जायच्या आधीच. रात्री सुजीतला म्हणाले, "आशाचं ऑपरेशन झालं, आणि आपल्याला आत्ता कळवतेय." तो दमलेला, "हं" म्हणाला आणि झोपला.

गुरुवारी घरचा फोन बंद झाला. माझा मोबाइल सुजीतच्या नावावर होता, तोही त्याने त्याच दिवशी बंद केला. शुक्रवारी इरा शाळेच्या शेवटच्या दिवसाला गेली आणि मी रिकाम्या घरात उलट्या बादलीवर बसून गालिचे धुणाऱ्या माणसाची वाट पाहत होते. बाहेर बर्फ पडत होता. दहा वेळा मनात आलं, वर जाऊन तिचं दार वाजवावं. दहा वेळा म्हटलं, तिला गरज नाही, आपण कशाला लोचटपणा करायचा. शनिवारी निघताना तुझ्या खिडकीचे पडदे ओढलेले होते. सुजीत म्हणाला, "आशाला भेटून येऊ या ना." मी म्हणाले, "झोपली असेल, उशीर होतोय." उशीर होत नव्हता. विमानतळावर आम्ही तीन तास बसलो.

मग फेब्रुवारीत तुझी ती ई-मेल आली. मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "पोचलात ना नीट? शुक्रवारी तुझी वाट पाहिली. असो. इराला पापा." तुला वाटेल, एवढं वाचूनही हिला कसं कळलं नाही? त्या शुक्रवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, शोभनाताईंच्या घरी, आणि मी सामानाच्या गडबडीत गेले नव्हते. मला वाटलं तू त्याबद्दल बोलतेयस. म्हणजे तुझं एवढं मोठं ऑपरेशन तू माझ्यापासून लपवलंस, आणि वर मी हळदीकुंकवाला आले नाही म्हणून मला टोमणा! मी तेव्हा इथे नवी होते, खोकी फुटलेली नव्हती, शेजारी कोण आहे ठाऊक नव्हतं, आणि राग काढायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं. मी लिहिलं, "मला कुणी बोलावलं नव्हतं. त्यामुळे वाट पाहायचं काही कारण नव्हतं." "पाठवा"वर बोट दाबताना मला बरं वाटलं होतं. खरं सांगते.

त्यानंतर तू लिहिलं नाहीस आणि मीही नाही. शोभनाताईंच्या दिवाळीच्या ई-मेलमधून "आशा बरी आहे, केस परत आलेत" एवढं कळलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि बाहेर येऊन परत रुसले. दर संक्रांतीला बर दुबईला जाते, देवळाच्या गल्लीत फुलं घेते, मीना बाजारात वाणासाठी काहीबाही घेते, आणि अब्रेच्या होडीतून उगीच खाडी ओलांडून परत येते. होडी माणसांनी भरलेली असते, पण मी एकटी आहे हे तिथे जास्त कळतं. दर वेळी मनात तुझ्याशी भांडते. तू नसतानाही इतकी वर्षं मी ज्या एकाच माणसाशी रोज बोलले ती तू आहेस, मग ते भांडण का असेना.

हिवाळी कपड्यांचं खोकं इथे कधी उघडलंच नाही. दुबईत कोट कुणाला लागतो? ते तसंच पलंगाखाली गेलं. या सप्टेंबरात आमचा वॉचमन खैरुद्दीन कायमचा गावी निघाला. पाकिस्तानातल्या स्वातकडचा आहे, अकरा वर्षं इथे काढली. दारात येऊन अवघडून म्हणाला, "मॅडम, हमारे उधर बर्फ गिरता है. कोई गरम कपडा फालतू पडा हो तो... बच्चे लोग के लिए." मी इराला हाताशी घेतलं आणि खोकं ओढून बाहेर काढलं. धूळ पुसली. झाकणावर चिकटपट्टी असल्यामुळे अक्षरं काल लिहिल्यासारखी ताजी होती. इरा आता नऊ वर्षांची आहे, दिसेल ते मराठी मोठ्याने वाचते आणि बाकी सगळं इंग्रजीत बोलते. बोट फिरवत तिने वाचलं, "आ-शा-चा फोन. प-र-वा ऑपरेशन." मग मला विचारलं, "आई, परवा इज बिफोर ऑर आफ्टर?" मी कोट झटकत म्हणाले, "दोन्ही. कालच्या आधीचा दिवसही परवा आणि उद्याच्या नंतरचा दिवसही परवा. पुढचं क्रियापद बघायचं, झालं की होणार, त्यावरून कळतं." ती परत वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "बट आई, देअर इज नो व्हर्ब."

मी खाली बसले, आशा. खोक्याच्या कडेला सामानवाल्यांचं लेबल होतं, त्यावर तारीख, एकवीस जानेवारी, बुधवार. बुधवारचा पुढचा परवा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी तुझी वाट पाहिली. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. इरा घाबरून "वॉट हॅपन्ड, वॉट हॅपन्ड" करत होती आणि खैरुद्दीन दारातच उभा राहून, आपण मागायला नको होतं असा चेहरा करून, "रहने दो मॅडम, रहने दो" म्हणत होता.

सुजीतला विचारलं. त्याला आधी फोनच आठवेना. मग हळूहळू आठवलं. तू म्हणाली होतीस, "परवा ऑपरेशन आहे, समिधाला सांगून ठेवा. असंच." असंच! त्याने ते "असंच" खोक्यावर लिहिलं नाही, कारण त्याला वाटलं तो कामाचा शब्द नाही. आणि मी "ऑपरेशन झालं" म्हणाले तेव्हा त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं असेल, हिचं आशाशी बोलणं झालेलं दिसतंय. बिचारा रात्रभर बाल्कनीत तुळशींजवळ बसून होता.

मग मी धीर करून शोभनाताईंना फोन लावला, त्या शुक्रवारी नक्की काय झालं म्हणून. त्यांनी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. दवाखान्याचा नियम असतो, भूल दिलेल्या पेशंटला घरी न्यायला ओळखीचं मोठं माणूस हवं, टॅक्सीत बसवून सोडत नाहीत. तू फॉर्मवर माझं नाव लिहिलं होतंस, नात्याच्या रकान्यात "मैत्रीण", आणि माझा नंबर. नर्स तो नंबर लावत राहिली, आणि नंबर बंद असल्याची टेप वाजत राहिली. तू तिला म्हणत राहिलीस, येईल ती, सामान बांधतेय, येईल. दोन वाजल्यापासून सहा वाजेपर्यंत त्या चाकांच्या खुर्चीत, अंगात कोट घालून. शेवटी नर्सने तुझ्या फोनमधला दुसरा नंबर लावला आणि शोभनाताई हळदीकुंकू अर्धं टाकून, पैठणीखाली बर्फाचे बूट घालून तुला न्यायला आल्या. त्या म्हणाल्या, तू गाडीत एकच गोष्ट विचारलीस. समिधाकडे सगळं ठीक आहे ना.

मी त्या वेळी तुझ्यापासून गाडीने दहा मिनिटांवर उलट्या बादलीवर बसलेली होते.

सप्टेंबरपासून रोज लिहायला बसतेय आणि रोज फाडतेय. पहिल्या पत्रांत सगळा दोष सुजीतवर आणि मराठी भाषेवर होता. एका शब्दात मागचे-पुढचे दोन्ही दिवस कोंबणारी ही कसली भाषा, असं फार छान छान लिहिलं होतं. मग फाडताना एकदा लक्षात आलं की हे खोटं आहे. समज, ऑपरेशन खरंच सोमवारी झालं असतं. खरंच तू मला उशिरा सांगितलं असतंस. तरी बुधवारी एक जिना चढून, ऑपरेशन झालेल्या मैत्रिणीचं दार वाजवायला मला काय धाड भरली होती? मला परवाचा अर्थ लागला नाही ही चूक झाली. पण मी आले नाही, ती चूक नव्हती, तो माझा ताठा होता. त्याबद्दल माफी मागतेय. चुकीबद्दल मागून काय उपयोग, ती तर कुणाकडूनही होते.

आता हे पत्र आजच का लिहितेय ते सांगते. तीन आठवड्यांपूर्वी शोभनाताईंची ई-मेल आली. तुझ्या दुसऱ्या बाजूला गाठ निघाली आहे आणि ऑपरेशन ठरलं आहे. त्या स्वतः तेव्हा भारतात असणार, म्हणून त्यांना घोर लागलाय. तुला न विचारता मला कळवलं म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. मी व्हिसाचा अर्ज केला. मुलाखतीला खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं, कुणासाठी जाताय, आजारी व्यक्ती तुमची कोण? मी म्हणाले, मैत्रीण. तो म्हणाला, "जस्ट अ फ्रेंड?" मी म्हणाले हो, जस्ट अ फ्रेंड, आणि मला रडू फुटलं, त्यामुळे असेल किंवा कशामुळे असेल, पण पासपोर्ट काल शिक्का मारून परत आला. रविवार, ४ डिसेंबर २०११ रोजी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी मिलवॉकीच्या विमानतळावर उतरेन. मंगळवार, ६ डिसेंबर २०११ रोजी सकाळी तुझ्याबरोबर दवाखान्यात असेन. या दोन्ही वाक्यांत क्रियापदं आहेत, इराकडून तपासून घेतलीत. महिनाभर राहणार आहे. पाच तुळशींचं पाणी सुजीतकडे दिलंय. माझं तिकडचं लायसन्स २०१३पर्यंत चालतं. फॉर्मवर घरी नेणाऱ्या माणसाचं नाव लिहायची जागा असते तिथे पुन्हा माझंच नाव लिही, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय, हा बंद होणार नाही. तू ये म्हणावंस अशी माझी अपेक्षा नाही, ते तुला जन्मात जमलेलं नाही. दार उघडलं नाहीस तर तळघरात यंत्रांपाशी बसेन, क्वार्टर घेऊन येतेय. अडचण एकच आहे. आमचे सगळे कोट खैरुद्दीनबरोबर स्वातला गेले, आणि तिकडे तेव्हा आपल्या फॅरनहाइटच्या वीसच्या खाली असेल. तुझा तो जुना निळा कोट अजून आहे का गं? असंच विचारलं.

तुझीच, तू ठेवशील तर,
समिधा